उत्तर देणारा वाचक : कॅनडातील विज्ञानकथाप्रेमींविषयी

श्रोतेहो,

डिसेंबर १९४० मध्ये कॅनडाने एक कायदा केला. महायुद्धासाठी अमेरिकी डॉलर वाचवणे गरजेचे होते, म्हणून ज्या वस्तूंवाचून देशाचे अडणार नाही अशा अनेक वस्तूंची अमेरिकेतून होणारी आयात बंद करण्यात आली, आणि त्या यादीत अमेरिकेतली स्वस्त कथामासिके आणि चित्रकथांची पुस्तकेही होती. राज्यकारभाराच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. परंतु गावातल्या दुकानात दर महिन्याला येणाऱ्या विज्ञानकथांच्या मासिकाची वाट पाहणाऱ्या मुलामुलींचे वाचन त्यामुळे एकाएकी तुटले.

या पोकळीचा फायदा प्रकाशकांनी घेतला. टोरांटोतून ‘अनकॅनी टेल्स’ हे मासिक १९४० ते १९४३ या काळात निघाले. ‘नेल्वाना’, ‘जॉनी कनक’ यांसारखे चित्रकथांचे देशी नायक-नायिका जन्माला आले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वाचकांनी या काळात काय केले, त्यावर मात्र फारसे बोलले जात नाही, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे. टोरांटोत स्थायिक झाल्यानंतर मी ज्या मंडळींत मिसळलो, ज्यांच्या संमेलनांत स्वयंसेवक म्हणून राबलो, त्यांना कॅनडात साधेपणाने ‘फॅन’ म्हणतात. या फॅन मंडळींनी विज्ञानकथेवर नुसते प्रेम केले नाही. त्या देशात तिला उभे राहण्यासाठी जी जमीन लागली तीच त्यांनी तयार केली, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी कॅनडाचा भूगोल थोडा डोळ्यांपुढे आणावा लागेल. १९५१ च्या जनगणनेत त्या अवाढव्य देशाची लोकसंख्या जेमतेम एक कोटी चाळीस लाख होती, आणि तीही बहुतांशी अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात विखुरलेली होती. हॅलिफॅक्सहून व्हँकुव्हरला रस्त्याने जायचे तर साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटर जावे लागते. अशा देशात एखाद्या गावात विज्ञानकथा वाचणारा एकच माणूस असणे हे नवल नव्हते. त्या माणसाला आपल्यासारखे दुसरे कोणी आहे हे कळण्याचा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे अमेरिकी मासिकांत छापून येणारी वाचकांची पत्रे. त्या पत्रांखाली लिहिणाऱ्याचा पत्ता छापलेला असे. तो पत्ता पाहून एक वाचक दुसऱ्याला लिहू लागला, आणि मासिके यायची थांबली तेव्हाही हा पत्रव्यवहार थांबला नाही, कारण टपालावर बंदी नव्हती.

पत्रांतून पुढे नियतकालिके निघाली. ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर मिल्स या वस्तीतून निल्स हेल्मर फ्रोम या तरुणाने १९३६ साली काढलेले नियतकालिक कॅनडातले पहिले फॅन्झीन, म्हणजे फॅनने हौसेने स्वतः काढलेले नियतकालिक, मानले जाते. ऑन्टॅरिओतल्या पॅरी साउंड या लहान गावी रेडिओदुरुस्ती करणारे लेस्ली क्राउच ‘लाइट’ नावाचे फॅन्झीन वर्षानुवर्षे काढत राहिले. १९४३ पासून ‘कॅनेडियन फॅन्डम’ निघू लागले आणि ते पन्नासच्या दशकातही चालू होते. ही सगळी कामे नोकरीधंदा सांभाळून, घरच्या टेबलावर, पदरचे पैसे घालून केलेली आहेत.

हे काम कसे चाले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याच्या रीतीतच या संस्कृतीचा गाभा आहे. टंकलेखन यंत्रावर मेणाच्या स्टेन्सिलवर मजकूर टाइप करायचा, चूक झाली तर तिथे दुरुस्तीचा द्राव लावून तो वाळेपर्यंत थांबायचे, मग सायक्लोस्टाईल यंत्रावर शंभर-दोनशे प्रती काढायच्या, पाने जुळवायची, टाचायची आणि पाकिटांवर पत्ते लिहून ती टपालात टाकायची. आपल्याकडे लघुअनियतकालिकांच्या चळवळीतले काही अंक याच यंत्रावर निघत, हे इथल्या जाणत्या मंडळींना आठवत असेल. फरक एवढाच, की आपल्या त्या संपादकांचे प्रस्थापित वाङ्मयाशी भांडण होते. फॅन्झीनच्या संपादकाचे कोणाशी भांडण नव्हते, त्याला बोलायला माणूस हवा होता. म्हणून अंक मिळवण्याचा मार्गही वेगळा होता. काही सेंट पाठवून अंक मागवता येई, पण संपादकाला त्याहून प्रिय असे ते अंकावर लिहिलेले सविस्तर पत्र, किंवा बदल्यात पाठवलेले तुमचे स्वतःचे फॅन्झीन. जो उत्तर देईल त्याला पुढचा अंक, आणि जो सतत गप्प राहील त्याचे नाव यादीतून जाई. त्यामुळे अनेक अंकांत लेखांपेक्षा पत्रांचाच भाग वाचनीय ठरे, आणि त्या पत्रांत विज्ञानकथेइतकीच चर्चा हिवाळ्याची, भाड्याच्या घराची, निवडणुकांची आणि नव्याने ऐकलेल्या संगीताची असे. विषयाला धरून नसलेले हे लेखन मला महत्त्वाचे वाटते, कारण माणसे एकमेकांना ओळखू लागली ती त्यातून.

या परंपरेतल्या ज्या व्यक्तीविषयी मला सर्वाधिक आदर आहे तिचे नाव सुझन वुड. त्यांचा जन्म १९४८ साली ऑटवा शहरात झाला. माइक ग्लिक्सन यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये ‘एनर्ग्युमेन’ हे फॅन्झीन सुरू केले, आणि १९७३ साली जागतिक विज्ञानकथा संमेलन टोरांटोत भरले तेव्हा त्याच व्यासपीठावर त्या अंकाला विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी एकटीने केलेल्या फॅन-लेखनालाही ह्यूगो मिळाले, त्यांपैकी एक मृत्यूनंतर. त्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि तिथे विज्ञानकथा शिकवीत. अमेरिकेतून कॅनडात आलेला विल्यम गिब्सन नावाचा एक विद्यार्थी त्यांच्या वर्गात होता. त्याची पहिली कथा त्या वर्गाच्या निमित्ताने लिहिली गेली आणि १९७७ साली छापून आली. तो पुढे विज्ञानकथालेखक म्हणून जगभर गाजला हे आपण जाणतोच. अमेरिकी लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथेवरील निबंधांचा संग्रहही १९७९ साली सुझन वुड यांनीच संपादित केला.

परंतु पुरस्कार आणि शिष्य यांहून मोठे काम त्यांनी १९७६ साली केले असे मी मानतो. त्या वर्षीच्या कॅन्सस सिटीच्या जागतिक संमेलनात ‘स्त्रिया आणि विज्ञानकथा’ या विषयावर त्यांनी चर्चा घडवून आणली. श्रोते खोलीत मावेनात इतके आले, आणि कार्यक्रमाची वेळ संपली तरी स्त्रिया उठून गेल्या नाहीत. बोलणे दुसरीकडे चालूच राहिले. त्या बोलण्यातून स्त्रियांचे स्वतःचे पत्रमंडळ उभे राहिले, ज्यात प्रत्येक सदस्य आपली पाने छापून पाठवी आणि एक संपादिका ती सगळी एकत्र बांधून सर्वांना परत धाडी. पुढच्या संमेलनांत स्त्रियांना निवांत बोलता यावे म्हणून स्वतंत्र खोली ठेवण्याची प्रथाही त्यातूनच पडली. ज्या जगात उत्तर देणाऱ्याला मान होता, तिथेही कोणाचे उत्तर ऐकले जाते आणि कोणाचे नाही हा प्रश्न होताच, आणि तो सुझन वुड यांनी त्या जगाची साधने वापरूनच सर्वांपुढे ठेवला. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्या आणखी तीस वर्षे लिहित्या राहिल्या असत्या तर कॅनडातील समीक्षा कुठे पोहोचली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता संमेलनांविषयी थोडे. अमेरिकेबाहेर भरलेले पहिले जागतिक संमेलन १९४८ साली टोरांटोत झाले आणि त्याला सुमारे दोनशे माणसे आली. त्यानंतर टोरांटोत आणखी दोनदा, १९९४ मध्ये विनिपेगला आणि २००९ मध्ये माँट्रियलला जागतिक संमेलन भरले. देशातले वार्षिक मेळावे वेगळे. १९८० साली हॅलिफॅक्समधल्या संमेलनात कॅनडात जन्मलेले विज्ञानकथालेखक ए. ई. व्हॅन व्होट यांच्या गौरवाने कॅनडाच्या स्वतःच्या पुरस्काराची सुरुवात झाली, जो आज ऑरोरा या नावाने ओळखला जातो आणि जो वाचकांच्या मतांवर ठरतो. १९८१ मध्ये एक छोटा निधी उभारण्यात आला. दरवर्षी पूर्वेकडच्या एका फॅनला पश्चिमेकडच्या किंवा पश्चिमेकडच्याला पूर्वेकडच्या संमेलनाला पाठवायचे, हा त्याचा हेतू. हा निधी मला फार भावतो. ज्याची पत्रे आपण वाचतो तो माणूस एकदा तरी समोर बसलेला पाहावा, यासाठी लोकांनी जुन्या पुस्तकांचे लिलाव करून पैसे जमवले.

क्वेबेक या फ्रेंच भाषिक प्रांताची कहाणी स्वतंत्र व्याख्यानाची आहे. १९७४ साली नॉर्बेर स्पेनेर यांनी ‘रेक्वियेम’ नावाचे फ्रेंच फॅन्झीन सुरू केले. १९७९ मध्ये त्याचे नाव ‘सोलारिस’ झाले आणि ते फ्रेंच विज्ञानकथेचे दीर्घायुषी नियतकालिक ठरले. त्याच वर्षी लेखिका एलिझाबेत व्होनारबुर्ग यांच्या पुढाकाराने शिकूतिमी या गावी ‘बोरेआल’ हे पहिले संमेलन भरले. मोठ्या भाषेच्या शेजारी राहून आपल्या भाषेत कल्पनेचे वाङ्मय उभे करण्यासाठी प्रथम एक अंक, मग एक संमेलन, आणि त्यातून लेखकांची पिढी, हा क्रम मराठी माणसाने अभ्यासण्यासारखा आहे.

टोरांटोतल्या क्वीन स्ट्रीटवर १९७२ साली ‘बाक्का’ हे केवळ विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचे दुकान उघडले. आजही ते ‘बाक्का-फिनिक्स’ या नावाने दुसऱ्या जागी चालू आहे. तान्या हफ, रॉबर्ट सॉयर, कोरी डॉक्टरो या पुढे नावारूपाला आलेल्या लेखकांनी तिथे गल्ल्यावर काम केले आहे. वाचक, विक्रेता आणि लेखक या तीन भूमिका तिथे एकाच माणसात सहज नांदत, आणि गिऱ्हाइकाला पुस्तक काढून देणाऱ्याचे स्वतःचे पुस्तक काही वर्षांनी त्याच फळीवर येई.

या मंडळींत माझ्यासारख्या परदेशातून आलेल्या, सावळ्या माणसाला जागा होती का, असे मला नेहमी विचारले जाते. वैयक्तिक वागणुकीत मला सौजन्य लाभले. पण कथांमधल्या भविष्यात आमची माणसे फार काळ दिसत नव्हती, आणि संमेलनातही आम्ही मोजकेच असू. जमैकात जन्मलेल्या आणि कोवळ्या वयात टोरांटोला आलेल्या नालो हॉपकिन्सन यांच्या लेखनाने हे चित्र हलू लागले. २००४ मध्ये त्यांनी उप्पिंदर मेहान यांच्यासह वसाहतोत्तर विज्ञानकथांचा एक संग्रह संपादित केला. परग्रहावर वसाहत करणाऱ्यांच्या गोष्टी शेकड्यांनी लिहिल्या गेल्या होत्या. ज्यांच्या भूमीवर वसाहत झाली त्यांच्या वंशजांनी लिहिलेल्या गोष्टी एका पुस्तकात प्रथमच माझ्या हाती आल्या. कॅनडातल्या मूलनिवासी लेखकांनीही गेल्या काही वर्षांत हाच धागा जोमाने पुढे नेला आहे, आणि माझ्या मते आज तिथले सर्वांत जिवंत लेखन तेच आहे.

गेल्या काही दशकांत या जगाचे बाह्य रूप पुष्कळ बदलले. टोरांटोत १९९५ पासून भरणाऱ्या ‘फॅन एक्स्पो’ या व्यावसायिक मेळ्याला आता लाखाहून अधिक माणसे येतात. नटनट्यांची सही आणि त्यांच्यासोबतचे छायाचित्र यांसाठी वेगळे शुल्क असते. त्या गर्दीत मी गेलो आहे; हाताने शिवलेल्या पोशाखात आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो, आणि त्याला कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. फॅनांनी चालवलेल्या जागतिक संमेलनात संयोजकही आपल्या खिशातून सदस्यशुल्क भरतो, खुर्च्या मांडतो, पाहुण्यांच्या खोलीत सूप गरम करतो आणि रात्री गाण्याच्या वर्तुळात बसून स्वतः रचलेले गीत म्हणतो. व्यावसायिक मेळ्यात येणाऱ्याकडून पैशाखेरीज कशाचीच अपेक्षा नसते. माणूस तिथून तृप्त होऊन जातो, पण त्याच्याकडे कोणी उत्तर मागत नाही. लहान संमेलने एकामागून एक बंद पडताना आम्ही पाहत आहोत, आणि त्यासोबत हे उत्तर देण्याचे शिक्षणही बंद पडत आहे.

म्हणून या परंपरेचे कागद जपणाऱ्या दोन ठिकाणांचा उल्लेख करतो. ज्युडिथ मेरिल या लेखिका-संपादिका न्यूयॉर्कच्या फॅनमंडळींत वाढलेल्या. व्हिएतनाम युद्धाच्या काळात स्वदेशातील राजकारणाला विटून त्या १९६८ साली टोरांटोला आल्या, पुढे कॅनडाच्या नागरिक झाल्या, आणि १९७० मध्ये त्यांनी आपल्याजवळची सुमारे पाच हजार पुस्तके आणि मासिके शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. आज तो संग्रह त्यांच्या नावाने कॉलेज स्ट्रीटवरच्या शाखेत आहे आणि ऐंशी हजारांच्या आसपास गेला आहे. तिथली पुस्तके घरी नेता येत नाहीत, पण कोणीही जाऊन टेबलाशी बसून मागेल ते वाचू शकतो, फॅन्झीनसुद्धा. दुसरे ठिकाण कॅल्गरी विद्यापीठ. तिथे बॉब गिब्सन या अल्बर्टातील संग्राहकाच्या निधनानंतर त्यांचा प्रचंड संग्रह आला. मासिकांत विखुरलेल्या विज्ञानकथा कापून, जुळवून, त्यांना स्वतः चितारलेली मुखपृष्ठे लावून त्यांनी हाताने बांधलेले शेकडो संग्रह त्यात आहेत.

हा सगळा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त आणि ठिसूळ आहे. सायक्लोस्टाईलची शाई पुसट होत चालली आहे, आणि अनेक अंकांतली टोपणनावे कोणाची हे सांगू शकणारी माणसे आता वयाच्या ऐंशीच्या पुढे आहेत. अंकांच्या प्रतिमा घेण्याचे काम काही ठिकाणी सुरू आहे, परंतु त्या माणसांपाशी बसून नावांची नोंद करणे हे काम यंत्राला सोपवता येत नाही. त्यासाठी आम्हाला स्वयंसेवक हवे आहेत, आणि टोरांटोत शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी ज्यांना हे वाङ्मय आवडते त्यांनी शनिवारचे दोन तास त्यासाठी द्यावेत, अशी माझी या सभेला विनंती आहे.