कबरींवरची फुलं

श्रोतेहो, नमस्कार.

साधारण मुंबईएवढा एक देश डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला मलेशिया, दक्षिणेला इंडोनेशिया, आणि प्यायच्या पाण्याची मोठी मदार मलेशियातल्या शेजारच्या जोहोर राज्यातून येणाऱ्या नळांवर. 9 ऑगस्ट 1965 रोजी सिंगापूर स्वतंत्र झालं, ते या अवस्थेत. दोन वर्षंही न टिकलेला मलेशियाशी संसार मोडला होता. पंतप्रधान ली क्वान यू तेव्हा 41 वर्षांचे. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता त्यांना रडू आवरेना.

गंमत पाहा, नव्या देशाच्या चार प्रमुख नेत्यांपैकी सिंगापुरात जन्मलेले एकटे ली. गोह केंग स्वी मलाक्क्याचे, तोह चिन च्ये ताइपिंगचे, आणि एस. राजरत्नम तर जाफन्यात जन्मलेले तमिळ. वाढले मलायातल्या सेरेंबानला. फारकतीची बोलणी गोह यांनी गुपचूप केली. तोह आणि राजरत्नम सही करायला तयारच नव्हते. शेवटी मलेशियाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांची चिठ्ठी आणावी लागली, तेव्हा त्यांनी सही केली. आणि ज्याला हा देश वेगळा व्हायलाच नको होता, तो राजरत्नम नावाचा पत्रकार त्याचा पहिला परराष्ट्रमंत्री झाला! पुढची 15 वर्षं त्यांनी ते खातं सांभाळलं.

आधी जगाच्या वहीत नाव लागायला हवं होतं. सहा आठवड्यांत, 21 सप्टेंबरला, संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. सैन्य मात्र जवळपास नव्हतंच. ली यांनी आपल्या लालबहादूर शास्त्रींकडे आणि इजिप्तच्या नासरांकडे मदत मागितली. आपण तेव्हा पाकिस्तानशी युद्धाच्या तोंडावर होतो. शुभेच्छा पाठवल्या, लष्करी सल्लागार काही गेला नाही. मग आले इस्रायली अधिकारी. शेजारी मुस्लिमबहुल, म्हणून बोभाटा नको. त्यांना म्हणायचं ‘मेक्सिकन’.

पण मला आज सांगायची आहे ती गोष्ट दोन फाशींची.

मलेशियाच्या स्थापनेला इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांचा विरोध होता, आणि त्यापायी घातपात चालू होते. 10 मार्च 1965 ला, सिंगापूर अजून मलेशियातच असताना, तिथल्या ऑर्चर्ड रोडवरच्या मॅकडोनल्ड हाउसमध्ये बॉम्ब फुटला. तीन माणसं गेली. उस्मान आणि हारून हे दोन इंडोनेशियन नौसैनिक पकडले गेले, त्यांना फाशीची शिक्षा झाली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे शेवटच्या अपिलापर्यंत, जाऊन आला, तोवर चित्र पालटलं होतं. सुकार्नोंच्या जागी सुहार्तो आले होते, आणि 1967 च्या ऑगस्टमध्ये बँकॉकला इंडोनेशिया आणि सिंगापूर या दोघांनीही ‘आसियान’ या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या स्थापनेवर सह्या केल्या होत्या. सिंगापूरतर्फे सही राजरत्नम यांची.

अशात सुहार्तोंनी खास दूत पाठवून दयेची विनंती केली. तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? कितीतरी पटींनी मोठा शेजारी, नुकतीच जमलेली मैत्री, आणि ब्रिटिशांनी आपलं सैन्य काढून घेण्याचं जाहीर केलेलं. सिंगापूरने नकार दिला. ऑक्टोबर 1968 मध्ये दोघांना फाशी झाली. जकार्तात त्यांचे देह वीरांच्या इतमामाने दफन झाले आणि जमावाने सिंगापूरच्या वकिलातीची नासधूस केली.

माझ्या मते हिशेब असा होता: एकदा मोठ्याच्या शब्दावर न्यायालयाचा निकाल फिरवला, की पुढे प्रत्येक निकालाच्या वेळी दूत यायचा. पण असा हिशेब मांडणारा माणूस सहसा आपल्या ताठ्यातच अडकतो. ली अडकले नाहीत. 1973 च्या मे महिन्यात ते जकार्ताला गेले, कालिबाताच्या वीरभूमीत, आणि उस्मान-हारूनच्या कबरींवर त्यांनी फुलं वाहिली. सल्ला त्यांचे तिथले राजदूत ली कून चॉय यांचा. जावाच्या माणसाला मृतात्म्याचा मान मोठा, हे त्यांनी ओळखलं होतं. फाशीबद्दल माफी मागितली का? नाही. फुलं वाहिली, एवढंच. सुहार्तोंच्या मनातली अढी सुटली आणि दोघांचं मैत्र पुढे सुहार्तोंची सत्ता जाईपर्यंत टिकलं.

हाच कस पुढेही दिसतो. 1978 च्या अखेरीस व्हिएतनाम कंबोडियात घुसला, तेव्हा सिंगापूरने वर्षानुवर्षं संयुक्त राष्ट्रांत आवाज उठवला. आणि 1983 मध्ये अमेरिकेने चिमुकल्या ग्रेनाडावर सैन्य उतरवलं, तेव्हा याच सिंगापूरने मित्र अमेरिकेच्या विरोधात मत दिलं. चीनशी राजनैतिक संबंध तर 1990 पर्यंत जोडले नाहीत. आधी इंडोनेशियाने जोडले, मग यांनी. बहुसंख्य चिनी वंशाचा देश म्हणून शेजाऱ्यांना शंका यायला नको ना!

पाण्याचं दुखणं मात्र अजून आहे. 1962 चा जोहोरशी झालेला करार 2061 पर्यंत चालायचा आहे आणि दरावरून कुरबुर अधूनमधून होतेच.

आणि त्या कबरी? 2014 मध्ये इंडोनेशियाने आपल्या एका युद्धनौकेला नाव दिलं ‘उस्मान हारून’. फुलं वाहणाऱ्या त्या देशाने सांगितलं, ही नौका आमच्या बंदरात येणार नाही.

नमस्कार.