हुकूमनामा आणि पेढे

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय जुन्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याबद्दल, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या कागदाबद्दल. पेन्शन, दुसरं लग्न, कुठे ना कुठे हा कागद मागतातच. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे निकाल लागला की दोघांनाही त्याची एकेक प्रत मोफत मिळते. ती पुढे कुठे जाते, देव जाणे. मोडलेल्या लग्नाचा अल्बम मात्र कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला असतो!

माझ्या मावशीची प्रत तीन बिऱ्हाडं बदलताना गेली. मग मी आणि ती जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. नक्कल विभागात कारकुनानं विचारलं, "दावा नंबर?" मावशी म्हणाली, "नंबर नाही आठवत. साल १९८३." त्यानं त्या सालचं रजिस्टर काढलं. सासरचं नाव पाहिलं, माहेरचं पाहिलं. नाहीच. मावशीचा चेहरा उतरला. जणू तिचा घटस्फोट झालाच नव्हता!

कारकून भला होता. म्हणाला, "मावशी, निकालाचा दिवस कसा होता, काही आठवतंय?" मावशी एकदम म्हणाली, "सोमवार. रस्त्यात पोरं पेढे वाटत होती. मला वाटलं, माझा काडीमोड यांना कुणी सांगितला?"

कारकून हसायलाच लागला. अहो, कपिल देवनं वर्ल्ड कप जिंकला तो शनिवारी, २५ जूनला. म्हणजे सोमवार, २७ जून १९८३! तेव्हा साठ षटकांचा सामना असायचा बरं का. १८३ धावा करून आपण ४३ धावांनी जिंकलो. हल्ली वीस षटकांत उरकतात, त्याला मी क्रिकेट म्हणत नाही. असो.

त्यानं निकाली प्रकरणांचं रजिस्टर उघडलं, जूनचं पान काढलं आणि बोट ठेवलं. मावशीचंच प्रकरण. नंबर होता १९८१ चा! कारण अर्ज १९८१ मध्ये दाखल झाला होता. हेच लक्षात ठेवा, पुन्हा सांगतो: प्रकरणाच्या नंबरातलं साल दाखल केल्याचं असतं, निकालाचं नसतं. निकालाचं साल घेऊन शोधाल, तर मावशीसारखे हात हलवत परत याल.

बाकीचं थोडक्यात. पुण्यात आणि मुंबईत फॅमिली कोर्टं आली १९८९ मध्ये. त्याआधीचा निकाल दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधायचा. मुंबईत सिटी सिव्हिल कोर्टात. प्रकरण अलीकडचं असेल तर ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांच्या सरकारी साइटवर पक्षकाराच्या नावानं शोधा, नंबर मिळेल. मग नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, ओळखपत्र. आणि प्रमाणित नक्कलच मागा, साधी झेरॉक्स चालत नाही. प्रमाणित, सही-शिक्क्याची. अर्जाला टाचणी लावा, स्टेपलर नको. स्टेपलरनं या देशातले निम्मे कागद फाडलेत.

दाखल कधी केलं ते आठवत नसेल तर वकिलाकडे जुनी डायरी असते. नाहीतर आठवा, निकालाच्या दिवशी बाहेर काय चाललं होतं.

आठ दिवसांनी नक्कल मिळाली. मावशीनं तारखेवर बोट ठेवून मला दाखवलं. मग पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला आणि कारकुनासमोर धरला. तो म्हणाला, "आता हे कशाबद्दल, मावशी?" ती म्हणाली, "तेव्हाचे मी खाल्लेच नव्हते."