‘घ्याल का?’ असं विचारू नका : नव्या मिक्सरला खरंच मागणी आहे का, हे तपासायचं कसं

[टेबलावर दोन मिक्सर. एक जुना, भांड्यावर ओरखडे पडलेला. दुसरा नवा, अजून बाजारात न आलेला.]

नमस्कार. आज माझ्यासमोर दोन मिक्सर आहेत. हा जुना. चालू केला की शेजारच्या खोलीतला माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो. पण चालतो, वर्षानुवर्षं चालतोय. आणि हा नवा. समजा, तुमच्याच टीमने वर्षभर खपून बनवलाय. आवाज बराच कमी. भांडं एका हाताने बसतं. आणि पात्याखालची ती खाच, जिच्यात सगळं जाऊन अडकतं आणि ब्रश काही पोचत नाही, ती काढूनच टाकलीय.

आता हा विकला जाईल का?

बहुतेक टीम इथे काय करतात, तर पन्नास लोकांना बोलावतात, मिक्सर फिरवून दाखवतात आणि विचारतात, ‘‘बाजारात आला तर घ्याल का?’’ पन्नासातले चाळीस म्हणतात, ‘‘हो, मस्त आहे, नक्की घेऊ.’’ झालं. प्लॅस्टिकच्या साच्यांची ऑर्डर जाते. आणि साचा ही अशी चीज आहे, की एकदा पोलाद कापलं की मागे फिरणं फार महागात पडतं. सहा महिन्यांनी माल गोदामात धूळ खात असतो आणि जो तो म्हणतो, ‘‘पण ऐंशी टक्के लोक तर हो म्हणाले होते!’’

ते चाळीस जण खोटं बोलले का? अजिबात नाही. एक तर ‘हो’ म्हणायला काही पडत नाही. समोरचा माणूस डोळ्यांत प्राण आणून बघतोय, त्याचं मन कोण मोडणार? पण मला त्याहून मोठी चूक प्रश्नातच दिसते. आपण त्यांना विचारलं ते एका रिकाम्या टेबलापाशी. टेबलावर फक्त नवा मिक्सर होता. खऱ्या आयुष्यात ते टेबल रिकामं नसतं.

[जुना मिक्सर पुढे ओढतो.]

तिथे हा असतो. अगदी नव्या प्रकारची वस्तू विकायची असेल तर ‘ही गरज आहे का?’ हा प्रश्न. पण जुन्याच वस्तूचं रूप बदलून आणलं असेल, तर गरज आधीच भागलेली आहे. दुसऱ्या कंपनीचा मिक्सर ही पुढची गोष्ट. तुमची पहिली लढत ओट्यावरच्या ह्या चालू मिक्सरशी आहे. ह्याचे पैसे कधीच फिटलेत, ह्याची झाकणं कुठल्या कपाटात आहेत ते घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे, आणि हा बंद पडलेला नाही.

शिवाय हातातली वस्तू माणसाला उगाचच जड वाटते, म्हणजे मोलाने जड. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचे 1990 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले, काहींना दिले नाहीत. मग ज्यांच्याकडे मग होता त्यांना विचारलं, कितीला विकाल? ज्यांच्याकडे नव्हता त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांची किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच, हातात येऊन काही मिनिटंच झालेली. तुमच्या ग्राहकाकडे तर मिक्सर कित्येक वर्षं आहे. हा मगांचा प्रयोग लक्षात ठेवा, शेवटी तो आपल्यावरच उलटणार आहे.

ओट्यावर आधीपासून काय आहे हे विसरल्याचं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं ज्यूसेरो. फळांच्या तयार पाकिटातून रस काढणारं, वायफायला जोडलेलं, देखणं यंत्र. गुंतवणूकदारांनी भरपूर पैसा ओतला. एप्रिल 2017 मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी तेच पाकीट नुसत्या हाताने पिळून दाखवलं, आणि रस जवळपास तेवढाच निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. त्या यंत्राची स्पर्धा कोणाशी होती? दोन हातांशी!

बरं. मग चाचणी करायची कशी?

पहिलं पाऊल : ‘आवडलं का?’ सोडा आणि निवड करायला लावा. प्रत्येक सुधारणेची काही तरी किंमत मोजलेली असते, आणि ती ग्राहकाला दिसली पाहिजे. आपल्या नव्या मिक्सरचंच घ्या. आवाज 85 डेसिबलवरून 75 वर आणलाय असं धरू. डेसिबलचं गणित मजेशीर आहे. दहाने कमी म्हणजे ध्वनीची तीव्रता थेट दहाव्या हिश्शावर येते, पण कानाला आवाज साधारण निम्माच झाल्यासारखा वाटतो. आणि हे साधायला मोटरभोवती जाड आवरण घालावं लागलं. म्हणजे मिक्सर रुंद झाला, जड झाला, महाग झाला. कदाचित वरच्या कपाटाखाली मावेनासा झाला. ‘‘कमी आवाजाचा मिक्सर आवडेल का?’’ ह्याला नाही कोण म्हणेल? ‘‘कमी आवाजाचा, पण दोन बोटं रुंद आणि दीडपट किमतीचा आवडेल का?’’ हा खरा प्रश्न.

म्हणून लोकांसमोर एका वेळी तीन-चार कार्डं ठेवायची. एकावर कमी आवाज, मोठा आकार, जास्त किंमत. दुसऱ्यावर नेहमीचा आवाज, पण धुवायला सोपं भांडं आणि मधली किंमत. अशी वेगवेगळी जुळणी करून दहा-बारा फेऱ्या. दर वेळी एकच उचलायचं. कोणी काय उचललं, काय सोडलं, ह्यावरून प्रत्येक गुणाला माणूस मनातल्या मनात किती वजन देतो ते गणिताने काढता येतं. ह्याला कॉन्जॉइंट ॲनालिसिस म्हणतात. ह्याचा गणिती पाया लूस आणि ट्युकी यांनी 1964 मध्ये मांडला, आणि 1971 मध्ये पॉल ग्रीन आणि विठ्ठल राव यांनी ते बाजार संशोधनात आणलं.

इथे दोन कार्डं कधीही विसरू नका. एक, तुमचंच सध्या विकलं जाणारं जुनं मॉडेल. नव्याचे सगळे ग्राहक जुन्या मॉडेलकडूनच पळून आले, तर तुमचा खप वाढलेला नाही. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकलंय, वर साच्यांचा खर्च डोक्यावर. आणि दुसरं कार्ड : ‘काहीच घेणार नाही, घरातला चालतोय.’ हे कार्ड ठेवलं की आकडे धाडकन खाली येतात. टीममधले लोक नाराज होतात आणि ते काढून टाकायला सांगतात. काढू नका.

आता किंमत. किमतीबद्दल विचारायच्या जुन्या पद्धती आहेत. 1976 मध्ये पीटर व्हान वेस्टेनडोर्प यांनी चार प्रश्नांची पद्धत मांडली : कुठल्या किमतीला हे इतकं स्वस्त वाटेल की दर्जाचीच शंका येईल, कुठे फायद्याचा सौदा वाटेल, कुठे महाग वाटेल पण तरी विचार कराल, आणि कुठे नकोच म्हणाल. त्याच्या आधी गेबर आणि ग्रेंजर यांची पद्धत होती, म्हणजे एकेक किंमत पुढे करून ‘ह्याला घ्याल? मग ह्याला?’ असं विचारायचं. त्यातले क्लाइव्ह ग्रेंजर यांना पुढे 2003 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्याच कामासाठी. ह्या पद्धतींतून किमतीचा पट्टा कळतो, तेवढ्यापुरत्या त्या ठीक. पण सगळा कारभार तोंडी. खिशात हात कोणीच घालत नाही.

मला आवडते ती तिसरी. बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांनी 1964 मध्ये मांडलेली. वाटते सोडतीसारखी, पण आहे भलतीच हुशार.

[डबा आणि चिठ्ठ्या पुढे घेतो.]

समजा तुम्ही ग्राहक आहात. ह्या मिक्सरला जास्तीत जास्त किती द्याल ते चिठ्ठीवर लिहा. आता मी डोळे मिटून ह्या डब्यातून किमतीची एक चिठ्ठी काढणार. निघालेली किंमत तुम्ही लिहिलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी असेल, तर मिक्सर तुमचा, आणि तो घ्यावाच लागेल. मात्र पैसे द्यायचे ते निघालेल्या किमतीचे, तुम्ही लिहिलेल्या आकड्याचे नाहीत. निघालेली किंमत जास्त असेल, तर मिक्सर नाही. पुन्हा संधीही नाही.

आता चलाखी करून बघा. मनातल्यापेक्षा कमी लिहिलंत, तर तुम्हाला परवडणारा भाव निघूनही मिक्सर हातचा जाऊ शकतो. जास्त लिहिलंत, तर नको असलेल्या भावाला तो गळ्यात पडू शकतो. आणि कमी लिहून भाव पाडताही येत नाही, कारण भाव डब्यातून येतोय. म्हणजे खरं तेच लिहिणं तुमच्या फायद्याचं. घासाघीस संपली, भीडभाड संपली. फक्त लोकांना हे पहिल्या फटक्यात कळत नाही, म्हणून आधी एखाद्या पेनवर सरावाची फेरी घ्या. आणि विकण्याइतके चालू नमुने तुमच्याकडे हवेत, नाहीतर सगळा खेळ पोकळ.

तेवढे नमुने नसतील तर? मग वेबपेज. एका पानावर ठळक ‘आवाज निम्मा’, दुसऱ्यावर ‘धुवायला सोपा’. सारखीच जाहिरात, सारखेच प्रेक्षक, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कुठल्या पानावर जास्त लोक नाव नोंदवतात ते बघायचं.

इथे आकड्यांची एक गंमत बघा. पहिल्या पानावर 1000 लोक आले, 30 जणांनी नाव दिलं. दुसऱ्यावर 1000 आले, 40 जणांनी दिलं. लगेच कोणी तरी म्हणणार, ‘‘तेहेतीस टक्के जास्त! ‘धुवायला सोपा’ जिंकलं!’’ थांबा. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. हेच प्रमाण दोन्हीकडे 5000 लोकांवर टिकलं, म्हणजे 150 आणि 200, तर मात्र विश्वास ठेवायला हरकत नाही. तसंच सर्वेक्षणाचं. 100 लोकांना विचारलंत, तर उत्तर दोन्ही बाजूंना जवळपास दहा टक्क्यांनी सरकू शकतं. 400 लोकांत पाच टक्क्यांनी. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, त्यात सूट नाही. आणि हे गणितही तेव्हाच लागू, जेव्हा ती माणसं तुमचे खरे ग्राहक असतील. तुमच्या ऑफिसातल्या लोकांचे मित्र नव्हेत.

नाव नोंदवणं आणि पैसे देणं ह्यांतही फरक आहे. ईमेल देणं फुकट असतं. थोडी अनामत रक्कम मागितली की गर्दी एकदम पांगते, आणि उरलेल्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं असतं. पण वस्तू अजून बनायची आहे, हे त्याच पानावर स्पष्ट लिहा. पैसे कधीही मागितले तर पूर्ण परत मिळतील हेही लिहा, आणि खरंच परत करा. नसलेल्या वस्तूवर ‘आत्ताच खरेदी करा’चं बटण लावून मागणी मोजणारे लोक आहेत. मला तो प्रकार पटत नाही.

आता सगळ्यात महाग आणि माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी. मिक्सर घरी पाठवा. तीस-चाळीस घरं, चार आठवडे. धारदार पाती आणि वीज आहे, त्यामुळे सुरक्षा चाचण्या झाल्याशिवाय एकही नमुना बाहेर जाता कामा नये. प्लगमध्ये वापर नोंदवणारं छोटं मीटर लावा, अर्थात घरच्यांना सांगून. वही भरायला सांगितली तर लोक तुम्हाला खूश करायला भरतात. मीटरला कोणाला खूश करायचं नसतं.

आणि एक : ‘‘जुना मिक्सर आत ठेवून द्या’’ असं मुळीच सांगू नका. दोन्ही ओट्यावर राहू द्या. पहिल्या आठवड्यात नव्याचं कौतुक असतं, ते आकडे बाजूला ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, घाईच्या सकाळी, हात कुठल्या मिक्सरकडे जातो? तेच तुम्हाला हवंय. स्वयंपाक एकाने करायचा, भांडी दुसऱ्याने धुवायची आणि पैसे तिसऱ्याने द्यायचे, अशीही घरं असतात. तिघांशी वेगवेगळं बोला. एकत्र बसवलंत तर पैसे देणाऱ्याचंच मत ऐकू येईल.

शेवटच्या दिवशी घराला एक निवड द्या : हा मिक्सर ठेवा, किंवा परत देऊन रोख रक्कम घ्या. वेगवेगळ्या घरांना वेगवेगळी रक्कम, ती चिठ्ठी टाकून ठरलेली. रक्कम वाढत जाते तसे किती जण मिक्सर सोडतात, ह्यावरून मागणीच्या रेषेचा ढोबळ आकार दिसायला लागतो. तीस-चाळीस घरांत ढोबळच, त्यावर दशांश चिन्हं काढत बसू नका.

आणि आता ते कॉफीचे मग आठवा. महिनाभर घरात राहिलेला मिक्सर त्यांना ‘आपला’ वाटायला लागलेला असतो. म्हणजे इथे मगांचा नियम नव्या मिक्सरच्या बाजूने झुकलाय, आणि तुमचे आकडे फुगवतोय. उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं, की वस्तू उसनी आहे, महिन्याने बोलू. तरीही जो आकडा येईल तो वरची मर्यादा धरायचा. दुकानात, मिक्सर हातात नसताना, ह्यापेक्षा कमीच लोक घेतील.

किती आकडा आला तर साचे बनवायचे, हे मात्र चाचणीच्या आधी कागदावर लिहा आणि टीममधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. नंतर लिहाल, तर आलेला आकडा पुरेसाच वाटेल. वर्षभराची मेहनत असते हो, प्रत्येकाला तो पुरेसा वाटायलाच हवा असतो.

आणि जी घरं पैसे घेऊन मिक्सर परत देतील, त्यांची खोकी घाईघाईने गोदामात टाकू नका. एकेक उघडा. कुठल्या भांड्यावर ओरखडे आहेत? पात्याखाली काही अडकलंय का? वायर किती सोडवली होती?

[खोकं उघडून लहान भांडं बाहेर काढतो. ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.]

हे बघा. ह्या भांड्याच्या झाकणावर टीमने तीन महिने घालवले होते.