ब्रोन्तेची जमीन

(दृश्य: एटना ज्वालामुखीचा उतार. काळ्या लाव्हाच्या दगडांत उभी पिस्त्याची झाडं.)

सिसिली बेटावरचं हे गाव, ब्रोन्ते. आज ते पिस्त्यासाठी ओळखलं जातं. 1860च्या उन्हाळ्यात मात्र इथल्या माणसांच्या तोंडी एकच विषय होता. जमीन.

गावाभोवतीची मोठी जमीन गावाच्या हातात नव्हती. 1799 मध्ये नेपल्स आणि सिसिलीच्या फर्डिनांड राजाने ती ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनला इनाम देऊन टाकली होती, आपली गादी वाचवल्याबद्दल. नेल्सनने इथे कधी पाऊलही ठेवलं नाही. पण आधी त्याचे आणि मग त्याच्या वारसांचे कारभारी खंड वसूल करत राहिले, आणि गावकीचे रानावरचे जुने हक्क कोर्टकचेऱ्यांत अडकून पडले.

11 मे 1860. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या इटलीचं एक राष्ट्र करायला निघालेल्या गॅरिबाल्डीची दोन जहाजं सिसिलीच्या मार्साला बंदरात पोचली. बरोबर हजाराच्या आसपास स्वयंसेवक, अनेकांच्या अंगात लाल सदरे. उतरल्यावर काही दिवसांतच गॅरिबाल्डीने दळणावरचा कर रद्द केला. गव्हाचं पोतं गिरणीत नेलं की राजाचा हिस्सा आधी मोजून द्यायचा, हे ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, त्या घरांत ही बातमी कशी पोचली असेल! मग 2 जूनचा हुकूम निघाला. गावकीच्या जमिनी वाटल्या जातील, देशासाठी लढणाऱ्याला हक्काचा वाटा मिळेल.

‘इटली’ हा शब्द सिसिलीच्या बोलीत जगणाऱ्या निरक्षर शेतमजुराला फारसा काही सांगत नव्हता. दळण आणि जमीन हे शब्द त्याला कळत होते. त्याच्यासाठी राष्ट्र आलं ते या दोन शब्दांतून. म्हणून तो गॅरिबाल्डीच्या मागे उभा राहिला.

जून गेला, जुलै गेला. वाटप झालं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रोन्ते पेटलं. जमावाने कचेरीतली दप्तरं जाळली, घरं लुटली आणि सोळा माणसं ठार केली. ते क्रौर्य झाकण्यात अर्थ नाही.

गॅरिबाल्डीला तेव्हा सामुद्रधुनी ओलांडून मुख्य भूमीवर जायचं होतं. पाठीमागे बेट शांत हवं होतं आणि ब्रिटिशांची मर्जीही हवी होती. नेल्सनच्या मालमत्तेला संरक्षण द्या, असा ब्रिटिश वकिलातीचा तगादा चालूच होता. त्याने आपला विश्वासू सेनानी नीनो बिक्सिओ ब्रोन्तेला धाडला.

(दृश्य: सान वितो मठासमोरचं रिकामं पटांगण.)

काही तासांचा खटला. पाच जणांना मृत्युदंड. त्यांत निकोला लोम्बार्दो हा वकील होता, गरिबांच्या बाजूने जमिनीचा प्रश्न लढणारा. आणि एक नुन्झिओ चिराल्दो, गावातला वेडसर माणूस. डोक्याला इटलीचं तिरंगी फडकं बांधून, पत्र्याचा कर्णा फुंकत तो गल्लीबोळांतून फिरला होता, एवढाच त्याचा गुन्हा. 10 ऑगस्टच्या सकाळी इथे बंदुका झडल्या. पहिल्या फैरीत एकही गोळी त्याला लागली नाही, असं सांगतात. मेरीमातेच्या कृपेने वाचलो म्हणून तो गुडघ्यांवर आला. मग त्याला जवळून गोळी घातली गेली.

1907 मध्ये सावरकरांनी इटलीच्या एकीकरणाचा विचार मांडणाऱ्या मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी आपल्याला तेव्हापासून घरच्यासारखे वाटतात. माझाही या माणसांवरचा जीव कमी झालेला नाही. पण चिराल्दोचं नाव त्यांच्या शेजारी घेतल्यावाचून मला ही गोष्ट आता सांगता येत नाही.

21 ऑक्टोबरला सिसिलीने कौल दिला. एकीकरणाच्या बाजूने 4,32,053 मतं, विरोधात 667. पुढच्या वर्षी, 17 मार्च 1861 रोजी तुरीनमध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं. त्या राज्याची संसद निवडण्याचा हक्क मात्र शंभरातल्या जेमतेम दोघांना होता. गावकीच्या ज्या जमिनी विकल्या गेल्या, त्या बहुतेक पैसेवाल्यांनीच घेतल्या. आणि 1869च्या पहिल्या दिवसापासून दळणावरचा कर परत आला, या वेळी साऱ्या इटलीत.

(दृश्य: नेल्सनच्या इनामाचा जुना वाडा. फाटक उघडं.)

हा वाडा आणि उरलेली जमीन नेल्सनच्या वारसांकडेच राहिली. ब्रोन्तेच्या नगरपालिकेने ती मालमत्ता त्यांच्याकडून विकत घेतली, 1981 साली.