मोटरमनच्या काचेतून हार्बर लाईन

टिंग टिंग. मागच्या टोकाच्या कॅबमधून गार्डने दोन बेल दिल्या, मोटरमनने तशाच दोन परत दिल्या आणि सीएसएमटीवरून आपली पनवेल लोकल सुटली.

आपण रोज खिडकीतून बाजूच्या भिंती बघतो, पण समोरचं सगळं बघतो तो हा एकटा माणूस. हात हँडलवर दाबलेला, कारण दाब सुटला की गाडी स्वतःहून ब्रेक मारते.

मशीद गेलं की चढ लागतो आणि सँडहर्स्ट रोडला आपण थेट वरच्या मजल्यावर, खाली मेन लाईनच्या गाड्या धावतायत. कुर्ला ते रे रोड लाईन १९१० ची, हा उंचावरचा भाग बांधून ती व्हीटीपर्यंत, म्हणजे आताच्या सीएसएमटीपर्यंत, आली १९२५ ला. आणि याच रुळांवरून ३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेची गाडी कुर्ल्याला गेली, गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते, फक्त चार डब्यांची! आज मागे बारा आहेत. तेव्हा वायरमध्ये १५०० व्होल्ट डीसी होतं, २०१६ पासून हार्बरवर २५ हजार व्होल्ट एसी आहे.

डॉकयार्ड, रे रोड, कॉटन ग्रीन. आता समोर नीट बघा. रुळाला खेटून घरं, कपडे वाळत घातलेले, एक बाई हंडा घेऊन रूळ ओलांडतेय, लांब हॉर्न, अजून एक हॉर्न, ती बाजूला झाली आणि मग कॅबमधल्या सगळ्यांनी श्वास सोडला. गाडीला स्टिअरिंग नसतं हो, मोटरमनच्या हातात फक्त हॉर्न आणि ब्रेक, आणि एवढी भरलेली गाडी ब्रेक मारल्या मारल्या जागेवर थांबत नाही. प्लीज पुलावरून जा.

खरं कसब ब्रेकचंच. स्टेशनं इतकी जवळ की स्पीड घेतला न घेतला तोच पुढचा प्लॅटफॉर्म दिसतो, ब्रेक मारला की मोटरच वीज तयार करते आणि ती वायरमध्ये परत जाते. पावसात रूळ ओले असले की अंदाज सगळा बदलतो, थोडं आधीपासूनच धरावं लागतं.

शिवडी. वडाळ्याच्या पुढे रूळ फुटतात, डावीकडे किंग्ज सर्कल, वांद्रे. आपण जीटीबी नगर, चुनाभट्टी करत कुर्ल्यात शिरतो. बारा डब्यांच्या बोर्डापाशी कॅब बरोब्बर थांबते, लोक उतरतात, त्याहून जास्त चढतात, त्याची नजर मात्र सिग्नलवरच.

पिवळा. टिंग टिंग. पुढचं स्टेशन टिळकनगर.