अठरा अंगठे

श्रोतेहो, नमस्कार.

पदवीच्या वर्गात मी चीनची अर्थव्यवस्था शिकवतो. चीन म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे शांघायचे मनोरे येतात, शेनझेनचे कारखाने येतात. मी मात्र दरवर्षी सुरुवात करतो ती एका खेड्यापासून. आजही तिथूनच करणार आहे. गावाचे नाव शियाओगांग. प्रांत आन्हुई, तालुका फंगयांग. साल १९७८.

१९५८ पासून चीनच्या खेड्यांत कम्यून होते. जमीन सामायिक, बैल सामायिक, नांगर सामायिक. सकाळी शिट्टी वाजली की सगळ्यांनी शेतावर जायचे आणि संध्याकाळी हजेरीप्रमाणे गुण मिळवायचे. धडधाकट पुरुषाला साधारण १० गुण, बाईला त्याहून कमी. जो दिवसभर राबला त्याला जेवढे गुण, जवळपास तेवढेच बांधावर बसून राहिलेल्यालाही. शेतावर वाढलेल्या माणसाला पुढे काय झाले असेल हे सांगायला नको. त्यात १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत देशभर कोट्यवधी माणसे उपासमारीने गेली. फंगयांगने त्या काळात फार सोसले. पुढेही वर्षानुवर्षे पीक निघाले की थोड्याच दिवसांत कणग्या रिकाम्या व्हायच्या आणि बायकापोरांसह माणसे परमुलखात भीक मागायला निघायची.

तर १९७८ चा नोव्हेंबर. रात्रीची वेळ. एका मातीच्या घरात गावातले शेतकरी गुपचूप जमले. यान हुंगछांग नावाच्या तरुण शेतकऱ्याने कागदावर मजकूर लिहिला. जमीन घरटी वाटून घ्यायची. सरकारचे ठरलेले धान्य प्रत्येक घराने घालायचे, उरेल ते त्या घराचे. सरकारपुढे पुन्हा हात पसरायचा नाही. आणि शेवटची अट अशी की हे उघडकीला येऊन म्होरक्यांना तुरुंगात जावे लागले, प्राण गमवावे लागले, तर त्यांची मुले १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. खाली लाल शाईचे अंगठे उमटले. अठरा शेतकरी, श्रोतेहो, अठरा. कागद बांबूच्या नळीत घालून छपरात खोचून ठेवला.

एवढी भीती कशाची? पुढच्याच महिन्यात बीजिंगमध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाची ती गाजलेली बैठक झाली. चीनच्या सुधारणा तिथून सुरू झाल्या असे आपली पाठ्यपुस्तके सांगतात. त्याच बैठकीच्या शेतीविषयक मसुद्यात स्पष्ट म्हटले होते की घरटी जमीन वाटू देऊ नये. सुधारणांच्या बैठकीतही मनाई, आणि इकडे गावात वाटप होऊन गेलेले! मुलांना गाइडमधली 'सुधारणांची पाच कारणे' पाठ करायला लावणे मला मान्य नाही ते याचसाठी. त्या पाच कारणांत हा कागद कुठेच नसतो.

पुढच्या हंगामात तेच शेतकरी, त्याच जमिनीवर, उजाडायच्या आत शेतावर. शेजाऱ्यापेक्षा आपले पीक उणे पडू नये म्हणून मनातल्या मनात चुरस. तालुक्याच्या वरच्या मंडळींना संशय आला, दमदाटी झाली. पण १९७९ चे पीक आले ते जवळपास ६६ टन. १९६६ ते १९७० या पाच वर्षांत मिळून जेवढे पिकले होते, साधारण तेवढे एका वर्षात! माणशी उत्पन्न २२ युआनवरून ४०० युआनवर गेल्याचे सांगतात. आन्हुईचे पक्षसचिव वान ली यांनी या शेतकऱ्यांची पाठराखण केली. मे १९८० मध्ये चीनचे सर्वोच्च नेते डेंग झियाओपिंग यांनी फंगयांगची वाखाणणी केली. १९८२ च्या सरकारी दस्तऐवजाने घरटी कराराला, म्हणजे जमीन घराघराला कसायला देण्याच्या पद्धतीला, मान्यता दिली आणि १९८४ पर्यंत बहुतेक सगळ्या गावांत ही पद्धत आली. शियाओगांग एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आन्हुईतल्याच फेइशी तालुक्यात असेच प्रयोग झाले होते, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीलाही प्रांतात तशी पद्धत काही काळ चालून बंद पडली होती.

वर्गात गोष्ट इथवर आली की शेतकरी घरातला एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, मग सातबारा कुणाच्या नावावर?" लाखमोलाचा प्रश्न. उत्तर असे की मालकी गावाचीच राहिली, शेतकऱ्याला मिळाला तो कसण्याचा करार. १९८४ मध्ये करार १५ वर्षांचा झाला, पुढे आणखी ३० वर्षांची मुदत मिळाली. जमीन विकता येत नाही. मालकी न बदलता, नुसता हिशेब बदलला. पुन्हा सांगतो, मालकी तीच, हिशेब नवा.

आता संशोधनाकडे. या बदलाचे वजन नेमके किती, हे मोजून दाखवले जस्टिन यिफू लिन यांनी. जन्म तैवानचा. तिथल्या सैन्यात कॅप्टन असताना, १९७९ मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळच्या किनमन बेटावरून रात्री समुद्र पोहून ते चीनला गेले. पेकिंग विद्यापीठात शिकले, शिकागोहून डॉक्टरेट घेऊन परतले, पुढे जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. १९९२ मध्ये त्यांनी २८ प्रांतांची आकडेवारी घेऊन शोधनिबंध लिहिला. १९७८ ते १९८४ या काळात पिकांचे उत्पादन वाढले, त्यातला जवळपास निम्मा वाटा घरटी कराराचा. उरलेल्यात मुख्य वाटा खतांचा आणि काही वाटा सरकारने वाढवलेल्या भावांचा.

 

लिन यांचे दुसरे म्हणणे तितकेच महत्त्वाचे आहे. पद्धत बदलल्याचा लाभ एकदाच मिळतो, दरवर्षी नव्याने नाही. १९८४ मध्ये चीनचे धान्य ४० कोटी टनांच्या वर गेले होते, १९८५ मध्ये ते ३८ कोटींच्या आत आले. शेतकरी तोच, करार तोच. पण धान्याचा मिळणारा भाव उतरला होता, आणि गावोगावी निघालेल्या छोट्या कारखान्यांत हाताला जास्त पैसे मिळू लागले होते. विटा, कापड, पंप, जे खपेल ते तिथे बनत होते. चीनच्या वाढीची पुढची दहा वर्षे या गावकारखान्यांची आहेत, आणि माझ्या वर्गात पुढचा तास त्यांचाच असतो.

नमस्कार.