एम्डनचा कप्तान

२२ सप्टेंबर १९१४. रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत. मद्रासचा किनारा दिव्यांनी उजळलाय. लढाई सुरू आहे, पण ती तिकडे, युरोपात. एवढ्यात समुद्रातून सर्चलाइटचा झोत येतो आणि बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर तोफगोळे पडू लागतात. अर्ध्या तासात जहाज अंधारात गडप. मागे तेल जळत राहतं.

ते जर्मन क्रूझर, म्हणजे वेगवान युद्धनौका: ‘एम्डन’. तमिळमध्ये पुढे हा शब्दच होऊन बसला. कुणी फार चलाख, वस्ताद निघाला की तो ‘एम्डन’!

कप्तान कार्ल फॉन म्युलर, जन्म हानोव्हरचा. १८९१ साली नौदलात शिरला. तरुणपणी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गनबोटीवर असताना त्याला हिवताप जडला, तो कायमचाच. १९१३ मध्ये एम्डनची सूत्रं त्याच्या हाती आली. जहाजाचा मुक्काम चीनमधल्या त्सिंगताओ बंदरात.

युद्ध पेटलं, तेव्हा एकट्यानं हिंदी महासागरात जाण्याची कल्पना त्याचीच. एम्डनला धुराडी तीन. ब्रिटिश क्रूझर ‘यार्मथ’ला चार. मग ‘यार्मथ’चं सोंग घ्यायला कापडाचं चौथं धुराडं उभं राहिलं! बंगालच्या उपसागरात सुरुवातीलाच सापडलं ‘इंडस’, मुंबईहून फौज न्यायला निघालेलं. त्यात भरपूर साबण निघाला. एम्डनवर साबणाची टंचाई होती, खलाशी खूश.

जहाज पकडायचं, माणसं उतरवून घ्यायची आणि मगच ते बुडवायचं, हा त्याचा शिरस्ता. शत्रूच्या वर्तमानपत्रांनीही त्याची वाखाणणी केली. पण मद्रासला माणसं मेली होती, हेही याच हिशेबात धरायला हवं.

२८ ऑक्टोबरला पेनांग बंदरात घुसून त्यानं रशियन क्रूझर ‘झेमचुग’ बुडवलं. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांवरचं तारायंत्राचं ठाणं मोडायला माणसं उतरवली. पण तिथल्या तारबाबूंनी आधीच हाक दिली होती. ऑस्ट्रेलियाचं क्रूझर ‘सिडनी’ धावून आलं. त्याच्या तोफा मोठ्या, पल्ला लांबचा. मोडकंतोडकं एम्डन म्युलरनं स्वतःच प्रवाळाच्या खडकावर चढवलं. शंभरावर खलाशी गेले.

तो माल्टात कैदी, मग इंग्लंडमध्ये. १९१७ साली तिथून भुयार खणून वीसएक सोबत्यांसह निसटला आणि पकडला गेला. अखेर हिवतापानंच त्याची सुटका केली: उपचारासाठी हॉलंडला धाडलं. १९१९ मध्ये तो नौदलातून निवृत्त झाला.

१९२३च्या मार्चमध्ये तो वारला. वय ४९. आफ्रिकेतला ताप शेवटपर्यंत अंगात होता.